उस्ताद, सेन्सरला काय ऐकू येत होतं

उस्ताद, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. जाण्याआधी तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती आणि मी ती सांगितली नव्हती. आज सांगतो. तुम्ही मला बल्लारपुरात पाना धरायला शिकवलंत, हे कबूल. पण तुमचा तो थाट मला कधी सहन झाला नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि भोवती चार गिऱ्हाईकं श्वास रोखून उभी. तुम्ही निकाल द्यायचात, लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचो. मग मी समोरच स्वतःचं गॅरेज टाकलं, गाडीतला बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर घेतला, तर सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "टीवी पाहून इलाज करते का रे? कान कायले देल्ले अल्लानं?" तेव्हापासून तुमच्या कानांचा मला वीट आला.

एटापल्लीची ती व्हॅनवाली बाई घ्या. नवरा गेल्यावर स्वतः स्टिअरिंग धरून आलापल्लीपर्यंत सवाऱ्या नेणारी. तिचं सगळं घर त्या व्हॅनवर. तुम्ही तिच्या इंजिनात वॉल्व दाबणारे बाजारातले नवे रॉकर बसवलेत, डबी चकचकीत आणि आत भंगार. वर रॉकर आणि वॉल्वमधली टॅपेटची फट हाताच्या अंदाजानं जास्तच सोडलीत, कारण तुमचा जुना हेका: "वाजणारं टॅपेट भलं. चूप टॅपेट वॉल्व जाळते." जुन्या जीपगाड्यांना ते चालून गेलं. ही व्हॅन शिलाई मशीनसारखी खडखडत गेली आणि आठवड्यात परत आली. बाई सांगतेय, "भाऊ, रिकामी पळते, पण सवाऱ्या भरल्या का चढावर दमच टाकते. लोकं उतरून ढकलून राह्यले." तुम्ही प्लग बदललेत. मग पंपवाल्याला शिव्या घालून टाकी धुतलीत. तिसऱ्या खेपेला तिलाच ऐकवलंत, "तुमाले गियर टाकता येत नाई, बाई." जंगलातल्या त्या रस्त्यानं रोज माणसं सुखरूप नेणाऱ्या बाईला! या एका वाक्यासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

ती तशीच संतापून माझ्याकडे आली. दोन दिवसांनी व्हॅन भरल्या सवाऱ्यांनी चढ चढली आणि गावभर बोभाटा झाला. मग एका दुपारी तुम्ही रस्ता ओलांडून आलात. बसला नाहीत, चहा घेतला नाहीत. दाराशी उभ्या उभ्या विचारलंत, "काय होतं रे तिच्यात? मले तं सगळा आवाज ऐकू येत होता." मी स्कॅनर पुढे सरकवला. म्हटलं, "टीवीले विचारा न." गिऱ्हाईकं हसली. तुम्हीही थोडं हसलात आणि परत गेलात. चार महिन्यांनी तुमचा जनाजा माझ्या दारावरून गेला.

तर ऐका. त्या इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर असतो. पेट्रोल अवेळी भडकलं की सिलिंडरमध्ये ठोके पडतात. त्या ठोक्यांचा कंप पकडून तो गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर मग ठिणगी उशिरा पाडतो. पिस्टन वाचतो, पण ताकद जाते. बाईच्या इंजिनात ठोके पडतच नव्हते. तुमचे रॉकर खडखडत होते, आणि सेन्सरला तो खडखडाट ठोक्यांसारखाच वाटत होता. चढावर जोर लागला की ठिणगी आणखी उशिरा. ज्या आवाजाला तुम्ही शाबासकी देत होतात, त्यानंच गाडी लंगडी केली. आणि आजचे दीडशहाणे तुमच्याही वरताण. मोबाइलवर बिघाडाचा कोड पाहतात, चांगला सेन्सर काढून फेकतात, नवा लावतात आणि तसल्याच डबीतले रॉकर वाजत ठेवतात. त्यांना तर तुमच्याइतकंही ऐकू येत नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. हा कागद कुणाला दाखवणार नाही, म्हणून पुढचंही लिहितो. त्या दुपारी यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. स्कॅनरवर काहीच आलं नव्हतं. दीड दिवस मी त्याच्याकडे बावळटासारखा बघत बसलो आणि मग तुम्ही शिकवलं तेच केलं, गाडी बिघडायच्या आधी सगळ्यात शेवटी जे बदललं ते आधी काढलं. कंपनीचे रॉकर घातले, फट मापाच्या पत्तीनं मोजून ठेवली, गाडी पळाली. का पळाली ते मला चार वर्षांनी नागपूरच्या एका ट्रेनिंगमध्ये कळलं. तुम्ही दाराशी उभे होतात तेव्हा "मलेही नाई समजलं, उस्ताद" एवढं म्हणालो असतो, तर तुम्ही बसला असतात. दोघांनी मिळून बॉनेट उघडलं असतं. मला ते म्हणायची लाज वाटली.