कामिशिरो मैदानात येतो

११ एप्रिल १९८८, सोमवार
लागली एकदाची नोकरी! ओसाकात, छत्र्यांच्या दुकानावरच्या माडीवर आमची कंपनी. टीव्हीला जोडून खेळायचे गेम इथे बनतात आणि मला बेसबॉलच्या गेमसाठी घेतलंय. खरे संघ, खरे खेळाडू. त्यांची नावं, सरासरी, होम रन, कोण डावखुरा, कोण पळायला चपळ, हे सगळं मी भरायचं. शाळेत बाकावर बसून दुसऱ्यांचे फटके मोजण्यात जन्म गेला, तो आज कामी आला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तिथेही बसूनच खेळणार म्हण की!

मालक निशिवाकीसान यांनी सगळ्यांना माझी ओळख ‘हे हिगाशी’ अशी करून दिली. माझ्या आडनावाचं अक्षर एकच, पूर्व दिशेचं. ते हिगाशी असंही वाचतात आणि आझुमा असंही. आम्ही आझुमा. पण पहिल्याच दिवशी मालकाला चारचौघांत कोण दुरुस्त करणार? कमरेत वाकलो आणि हिगाशी होऊन बसलो. उद्या सांगेन.

२० एप्रिल
सांगितलं नाही. आता तर सगळेच हिगाशी म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्या इनुबुशीबाई सर्वांत जोरात.

वर्तमानपत्रात खेळाडूंची नावं चित्रलिपीत असतात. गेममध्ये उच्चार लिहावा लागतो, तोही चार अक्षरांत मावेल असा. थोडक्यात, मी दिवसभर लोकांची बारशी करतो. साकाई क्रेन्स या संघाचा एक नवा पोरगा आहे, उजव्या हाताचा, सरासरी जेमतेम .२११. नावात ‘देव’ आणि ‘युग’ ही अक्षरं. ‘कामिशिरो’ लिहून मोकळा झालो. नीट विचारून घेतलंस ना, असं इनुबुशीबाई म्हणाल्या. मी ऐटीत म्हटलं, बाई, बेसबॉलचं मला नका शिकवू.

९ मे
सेत्सुमावशीच्या दुकानात तव्यावरचा कोबीचा पोळा खायला गेलो होतो. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. भिंतीवर क्रेन्सची टोपी घातलेल्या एका मुलाचा फोटो. तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मी मोठ्या जाणकारीने म्हणालो, हा तर कामिशिरो!

मावशी हसून हसून उलथणं विसरली. “कामिशिरो कुठला रे मेल्या! तो माझ्या बापाच्या वेळचा. डावखुरा, काय हाणायचा म्हणे! कानशिलावर चेंडू बसला आणि मैदानातच गेला बिचारा. आमचा कुमाशिरो. अक्षरं तीच, वाचायचं निराळं. माझ्या लेकराला मेलेल्याच्या नावाने हाक मारू नकोस हो.”

गेम परवा कारखान्यात जायचाय, एकदा छापला की बदलता येत नाही. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

१० मे
मी तोंड उघडण्याआधीच मालकांनी सगळ्यांना गोळा केलं, मला उभं केलं आणि म्हणाले, आमच्या हिगाशीच्या कामात एक चूक काढून दाखवा! टाळ्या पडल्या. मी कमरेत वाकलो आणि जागेवर जाऊन बसलो. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं, आरशात बघवेना. भीड ही भिकेची बहीण, आई उगाच म्हणत नाही. पण एका उच्चाराने असं कुणाचं काय बिघडणार आहे?

२३ जुलै
गेम बाजारात आला. दुकानांपुढे मुलांच्या रांगा. मीही घरी लावून बघितला. कामिशिरो मैदानात आला आणि डाव्या हाताने उभा राहिला. सरासरी .३३८.

ऑफिसात जाऊन तपासलं. मी भरलेलं तसंच आहे. उजवा हात, .२११. पडद्यावर मात्र दुसराच कुणी येतो.

४ ऑगस्ट
खरा सामना, टीव्हीवर. कुमाशिरो डाव्या हाताने खेळला. समालोचक त्याला कामिशिरो म्हणाला. दुसऱ्याने दुरुस्त केलं नाही. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला, सगळं मैदान त्याच नावाने ओरडत होतं.

घराघरातली मुलं रोज त्याला बोलावतात. कामिशिरो, ये. कामिशिरो, ये. तो येणार नाही तर काय करेल? आणि हे नाव त्यांच्या तोंडी मी घातलं.

१९ ऑगस्ट
मावशीकडे पोरगा येऊन गेला. कोळंबी खाल्ल्यावर लहानपणापासून ज्याच्या अंगावर पित्त उठायचं, तो डाव्या हाताने कोळंबी खात बसला. निघताना तिला म्हणाला, बाई, छान होतं.

“बाई म्हणाला रे मला! तू शिकलेला आहेस ना हिगाशी, सांग की, माणूस आपल्या मावशीला कसा विसरतो?”

मी पैसे ठेवून बाहेर पडलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

२२ ऑगस्ट
मालकांना सगळं सांगितलं. मान वर न करता. ते हसले. उन्हाने डोकं फिरलंय तुझं, हिगाशी, एका उच्चारासाठी देशभरातून माल परत मागवू? मी म्हणालो, मी हिगाशीही नाही. ते तोवर फोनवर बोलायला लागले होते.

क्रेन्सच्या कचेरीत फोन केला. कुमाशिरो नावाचा आमच्याकडे कुणी नाही, म्हणाले.

३० ऑगस्ट
आजच्या सामन्यात चेंडू बसला. कानशिलावर. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, याच्या एकट्याच्या नुसती कापडी टोपी, जुन्या काळासारखी — अडवलं कसं नाही कुणी —

मावशीचं दुकान बंद. थडग्यावर अक्षरं तीच कोरतील. माझी चूक तिथेही कुणाला दिसणार नाही.

२ सप्टेंबर
माझा पडलेला चेहरा बघून इनुबुशीबाईंनी गुपित सांगितलं. गेममध्ये आपल्या ऑफिसचा एक लपवलेला संघ आहे. तुला पिचर केलंय, चेंडू तूच टाकतोस, खूश हो जरा! मुलांना तो सापडलाय म्हणे, सगळे त्यालाच घेऊन खेळतात.

पडद्यावर बघितलं. हिगाशी. आकडे बाईंनी भरलेले नाहीत.

४ सप्टेंबर
आईला फोन केला. म्हटलं, आई, मी.

ती अदबीने म्हणाली, “कोण, हिगाशीसान का? आमचा मुलगा तुमच्याच कंपनीत आहे. सांभाळून घ्या हं त्याला. फार भिडस्त आहे, मनातलं बोलायचा नाही.”

आणि मी — मी ‘हो’ म्हणालो.

५ सप्टेंबर
कामिशिरो कसा मेला, ते निदान ठाऊक होतं. हा हिगाशी कोण — कसा —

खाली छत्रीवाल्याची पोरं खेळतायत — हिगाशीला आण, म्हणतायत — हिगाशी, ये —

नाही. या वेळी सांगतो. मोठ्याने सांगतो. माझं नाव आ