पाठीमागून काढलेले फोटो

रवि. १२ जाने.
सगळे रंकाळ्यावर गेलतो. ऊन कोवळं होतं. नातवानं भेळ खाल्ली, म्हणजे चुरमुरे वेचून खाल्ले आणि हात माझ्या पदराला पुसले. हे म्हणाले, "पैलवान हाय, खाऊ दे." पैलवानाची वेणी सकाळी मीच घातलेली. भेळवाल्यानं विचारलंच, "पोरगी किती वर्षांची?" पोरगा आहे, पावणं, अडीच वर्षांचा. जोतिबाला जावळ काढायचं राहिलंय. ते निघेपर्यंत खरं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून घरात सगळ्यांचा तो बाब्याच.

एक गोष्ट मनात राहिली. प्राचीनं, सूनबाईनं, फोटो काढले. काढतेच ती नेहमी. पण आज सगळे पाठीमागून. पोरगं कठड्याशी उभं, ही चार पावलं मागं मोबाइल धरून. म्हटलं, "अगं, तोंड घे की त्याचं." तर म्हणे, "असू दे आई, छान येतंय." आणि मोबाइल पर्समध्ये. वेणीचे फोटो काढायला रंकाळा कशाला पाहिजे?

मंगळ. १४
संक्रांत. दुपारी बोरन्हाण केलं. हलव्याचा मुकुट घालून बाब्या राजासारखा बसला. बोरं ओतल्यावर गल्लीतली पोरं आरडत तुटून पडली, हा आपला मांडीवरचं एक बोर फिरवत बसलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोलतोय का गं काय?" म्हटलं, आमच्याकडं पोरं उशिराच बोलतात. ह्याचा बाप, आमचा सागर, साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा पहिल्यांदा आई म्हणाला. प्राची तेवढ्यात उठून आत गेली. तिळगूळ द्यायची राहिलीच.
आजही व्हिडिओ काढत होती. घरच्या ग्रुपवर एकच फोटो आला, मुकुटाचा. बाकीचे कुठं जातात?

शुक्र. १७
प्राची (इथनं पुढं नुसतं प्रा.) गच्चीवर कपडे वाळत घालताना फोनवर होती. मी जिन्यात, हातात चिमट्यांची बादली. मुद्दाम ऐकलं नाही, कानावर पडलं. "सासूबाईंना अजून काही सांगितलं नाही. व्हिडिओ जमतच नाहीत गं, त्या सारख्या मध्ये येतात."
बादली तिथंच ठेवून खाली आले.
दोघं नोकरीला गेले की दिवसभर पोर माझ्यापाशी. खाणं, न्हाणं, झोपवणं, सगळं. आणि मी मध्ये येते.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला काय पण वाटतंय." चहा दिला नाही त्यांना आज दुसऱ्यांदा.

रवि. १९
संध्याकाळी कट्ट्यावर दूध प्यायला गेलो. म्हैस समोर बांधलेली, धार थेट पेल्यात, वर हा फेस. बाब्याला फेसाच्या मिशा आल्या. असल्या मिशांचा फोटो सोडून प्रा. पुन्हा पाठीमागं जाऊन उभी. सागर तिच्याजवळ. त्यानं खिशातनं किल्ल्या काढून खुळखुळ वाजवल्या. बाब्या म्हशीकडं बघतोय. परत वाजवल्या. मला वाटलं, बापाला फोटो पाहिजे असंल, म्हणून पोराच्या खांद्याला हात लावून म्हटलं, बाब्या, पप्पा बघ. वळला लगेच, हसला.
प्रा.नं मोबाइल खाली घेतला.
सागर म्हणाला, "आई, तू हात नको ना लावूस त्याला."
आजवर ह्या पोरानं असं कधी तोडून बोललेलं नाही. दूधवाला पण बघाय लागला. पेला तसाच ह्यांच्या हातात दिला.
मला उमगलंय. पाळणाघर. राजारामपुरीत प्रा.च्या ऑफिसजवळ एक निघालंय, मागं बोलली होती. आमच्या उचगावातनं रोज जाता-येता सोडायचं आणि न्यायचं. म्हातारी नीट सांभाळत नाही ह्याचा पुरावा गोळा करत असतील.

मंगळ. २१
आज केलं ते बरं नव्हे, पण केलं. सागर अंघोळीला गेलेला, मोबाइल कॉटवर उघडाच. फोटो कसे बघायचे ते मला येतं. माझं मीच शिकलेय, बोट चुकत चुकत.
प्रा.नं त्याला पाठवलेलं सगळं: रंकाळा, बोरन्हाण, कट्टा, आमचं अंगण. सगळीकडं पोराची पाठ. मागनं प्रा.चा हळू आवाज, तेव्हा माझ्या कानावर आलाच नव्हता, "अर्णव… अर्णव…" पोर ढिम्म. मग बाजूनं एक हात येतो, खांद्याला लागतो, आणि पोर वळतं. हिरव्या बांगड्या, तांब्याची अंगठी. प्रत्येक व्हिडिओत माझाच हात.
आणि जावळाआधी नाव घेतलंय, तेही चारचौघांत. रीत ठाऊक असून.
नळ बंद झाला, मोबाइल होता तसा ठेवला. भाकरी करपली.

रवि. २६
गगनबावड्याला गेलो. गाडीत हे आपले उसाच्या ट्रॉल्या मोजत होते. वर पोचल्यावर बाब्या दरीवरच्या सज्ज्याच्या कडेनं धावला, प्रा.नं पर्समधनं मोबाइल काढला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "काढ. माझा हात पण काढ. कुठल्या पाळणाघराला दाखवायचाय ते तरी सांग."
"कसलं पाळणाघर?" ती खरंच बघत राहिली.
सागरनं मान खाली घातली. मग प्रा.च म्हणाली. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मागनं हाक मारायची, हात लावायचा नाही, समोर यायचं नाही, घरी आणि बाहेर दोन्हीकडं व्हिडिओ काढायचे. बाब्याला ऐकू येतं की नाही ते बघायचंय.
"मला का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आमच्याकडं उशिराच बोलतात."
म्हणालेच असते.
मग एकदम सुचलं. "अगं, पण त्या नावानं त्याला हाक मारतंय कोण ह्या घरात? मी बाब्या म्हणते, हे पैलवान म्हणतात, तू पिल्लू. अर्णव कोण हे त्याला काय ठाऊक?"
हे म्हणाले, "मला उद्या कुणी बबनराव म्हटलं तर मी तरी वळीन काय?" प्रा. हसली आणि हसता हसता रडली. मी तिला जवळ घेतलं. भजी मागवली, तिखट होती, सगळ्यांनी खाल्ली.
डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असू शकतं. पण किल्ल्यांचं काय? तपासणी करूनच घेऊ.
किल्ल्या मी विसरले होते.

मंगळ. २८
सूनबाईवरचा संशय गेला आणि पोरावर आला.
स्वयंपाकघरातनं हाक मारली, बाब्या. वळला. पुन्हा मारली, नाही वळला. ताटली आपटली, वळला. आनंद झाला. मग बघितलं तर माझी सावली त्याच्या पुढ्यात पडलेली. मागच्या दारानं जाऊन टाळी वाजवली. नाही. खेळात होता म्हणून असंल. मांजर आलं तर मात्र आधी ह्यालाच कळलं. वास आला असंल काय?
हे म्हणाले, "तू पोर राखतीयास का तपासतीयास?"
दिवसभर हातच लावला नाही त्याला नीट. संध्याकाळी आपला येऊन मांडीत बसला.

रवि. २ फेब्रु.
परत रंकाळा. ह्या वेळी प्रा. नि मी दोघीच मागं उभ्या. हाक मी मारायची, तिनं व्हिडिओ काढायचा. हात पदरात गुंडाळून घेतले, सवयीनं पुढं जायला नकोत.
"बाब्या." नाही.
"ए बाब्या." वळला. माझ्याकडं बघून हसला.
"वळला ना आई? बघितलं ना?" पोरीच्या डोळ्यांत पाणी.
म्हटलं, वळला की.
वळायच्या अगोदर एक फुगेवाला त्याच्या पुढनं आमच्या बाजूला आला होता, लाल फुगे. ते तिच्या मोबाइलात आलं नसंल. मी पण बोलले नाही.

बुध. ५
तपासणी झाली. पोर गाढ झोपलेलं पाहिजे म्हणाले, म्हणून सकाळपासनं जागं ठेवलं. ह्यांनी घोडा होऊन अंगणात फेऱ्या मारल्या, गुडघे धरलेत आता. दवाखान्यात माझ्या खांद्यावरच झोपला. केस बाजूला करून कपाळाला, कानामागं चिकट्या लावल्या, त्यांना वायरी. प्रा. आत बसली. काचेतनं तपासणाऱ्या बाईंच्या तोंडाकडं बघत होते, काही कळतंय का. बाई पडद्याकडं बघायच्या, लिहायच्या. तोंडावर काही दिसू देत नाहीत, शिकवलेलं असतंय काय त्यांना?
रिपोर्ट उद्या संध्याकाळी.
निघताना प्रा.नं फोटो काढला. झोपलेल्या बाब्याचा, समोरनं. माझ्या खांद्यासकट. ग्रुपवर टाकला.

गुरु. ६
दोघं ऑफिसातनं परस्पर डॉक्टरांकडं जाणार. प्रा.चा दुपारी फोन, "आई, जेवलात का?" तिनं दुसरं काही विचारलं नाही, मी पण नाही.
हे पारावर जाऊन बसलेत. घरात बसवत नाही म्हणाले.
बाब्या चटईवर झोपलाय. डाळीचा कुकर लावला आणि त्याच्याजवळ येऊन बसले. पहिली शिट्टी झाली तेव्हा त्यानं कूस बदलली. शिट्टीनं बदलली का आपसूक, काय सांगावं. भुवई पण हलली वाटतं. नक्की नाही.
डाळ एका शिट्टीत होते. गॅस बंद केला नाही. दुसरीची वाट बघत बसलेय, त्याच्या तोंडावरनं नजर न काढता.