एकाच माणसाचं घर

४ मार्च, सोमवार

माझा प्रोग्राम पुन्हा बंद पडला. गोडबोल्याचा चालू! काम दोघांना एकच दिलेलं — कोणत्या नर्सबाईंनी कोणत्या म्हाताऱ्या माणसाला घरी जाऊन बघायचं, त्याची यादी त्यांच्या फोनवर पाठवायची. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याचा कधी अडत नाही, तुमचाच कसा अडतो हो?" आजपासून त्याचाच सुरू. टीम लीडची खुर्चीही त्यालाच मिळणार, दिसतंयच. मी इथे वर्षानुवर्षं घासते आहे. हा काल आला आणि साहेबांच्या गळ्यातला ताईत!

५ मार्च

नवरा म्हणाला, "सोडून दे ना." याला सोडणं सोपं. चहासुद्धा अर्धा सोडतो.

६ मार्च, बुधवार

सापडलं!

सरकारी कचेरीतून घरांची माहिती जेसनमध्ये, म्हणजे कंसांनी बांधलेल्या मजकुरात येते. 'घर' हा माझ्या प्रोग्राममधला क्लास, म्हणजे प्रत्येक घराचा साचा. त्याच्याकडे माणसं मागितली की यादी यायला हवी, चौकोनी कंसात. दोघं असोत, सहा असोत, कंस असतात. पण घरात माणूस एकच असला की कचेरीवाले कंसच देत नाहीत! नुसती त्या एकट्याची नोंद येते. यादी समजून उघडायला गेलं की माझा प्रोग्राम बोंब मारतो. मारायलाच हवी.

मग गोडबोल्याचा कोड उघडला. चूक झाली तर काय करायचं, ते जिथे लिहायचं तो कॅच — रिकामा! म्हणजे गप्प बस आणि पुढच्या घरी जा. एकटी राहणारी झाडून सगळी माणसं यादीतून गळली. अडत नाही म्हणे! अडेल कसा?

शुक्रवारी मीटिंगला मोठे साहेब येणार आहेत. तिथेच पडद्यावर दाखवते. आत्ता सांगितलं तर हा गुपचूप दोन ओळी बदलेल आणि वर शाबासकीही घेईल. ओळखून आहे मी त्याला.

७ मार्च

जिभेवर आलं होतं, गिळलं. तो हसत म्हणाला, "ताई, आज गप्प गप्प?" ताई म्हणे! चीड येते नुसती.

८ मार्च, शुक्रवार

दाखवलं. मोठे साहेब म्हणाले, "आत्ताच्या आत्ता बंद करा हे." आमच्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं! माझा दुरुस्त केलेला प्रोग्राम दुपारीच सुरू केला. फक्त गोडबोल्या नेमका आजच आला नाही. ज्याच्यासाठी दोन दिवस कळ काढली तोच नाही! सगळी मजा गेली.

९ मार्च

गोडबोल्याची आई गेली. एकटी राहायची. बुधवारी रात्री न्हाणीघरात पडली असावी. गुरुवारी नर्सबाईंचा फेरा असायचा; त्या फिरकल्याच नाहीत. काल सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

ऑफिसातले सगळे भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. मीटिंगमधलं त्याला कुणीतरी सांगितलेलं. मला म्हणाला, "ताई, ते कंसाचं तुम्हाला कधी कळलं?"

"काल," म्हटलं.