मागच्या सीटची पाठ

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? जाऊबाईंचा खोकला कमी झाला असेल. (म्हणजे बोलणं वाढलं असेल, ते तुम्ही सोसालच.) आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून अक्षर असं आलंय. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे.

ह्यांची मोटारसायकल उभ्याउभ्या गंजून जाईल, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक घेऊन येतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी हो म्हटलं. मग गाडी पुसून ठेवावी म्हणून चादर काढायला गेले, तर मागे जिन्याखाली तो खोका दिसला. मागच्या सीटला लावायची पाठ, म्हणजे टेकायला एक गादीचा तुकडा आणि त्याला दोन लोखंडी दांड्या. माझी कंबर धरते म्हणून ह्यांनी हौसेने आणली होती. 'रविवारी बसवतो' म्हणाले. तुमच्या भावाचे रविवार तुम्हाला ठाऊकच आहेत. (त्याच रविवारांच्या भरवशावर आमच्या न्हाणीघराची कडी अजून सुतळीने बांधलेली आहे.) मग ते दवाखान्यात गेले आणि रविवारच संपले.

मी ठरवलं, गाडी जाण्याआधी निदान हे एक काम पुरं करायचं. लेक म्हणाली, "आई, निघालेल्या पाहुण्याला कुणी नवे कपडे शिवतं का?" मी म्हटलं, "तू गप्प बस आणि पाना दे." "कुठला?" तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आमच्या घरात पान्यांना आकडे नव्हते, कामं होती. एक सिलिंडरचा, एक पलंगाचा, एक शिलाई मशीनचा. हे गाडीशेजारी आडवे पडून नुसता हात मागे करायचे, 'पलंगाचा दे' म्हणायचे, आणि मी बरोब्बर तोच हातात ठेवायची. इतकी वर्षं मी स्वतःला अर्धी मेकॅनिक समजत होते. पण पाठ लावायला आधी सीटखालचा जुना नट काढायचा होता आणि ह्यातला एकही त्याला बसेना, आणि हत्यारांच्या दुकानात उभी राहिल्यावर कळलं, की ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती.

मी दुकानदाराला म्हटलं, "पलंगाच्या पान्याहून जरा लहान द्या." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, पलंग कुणाचा?" मागची गिऱ्हाइकं हसली. लाजून मी समोर दिसला तो उचलला: स्क्रू पाना, ज्याचा जबडा कमीजास्त होतो. म्हटलं, जो सगळ्यांशी जुळवून घेतो तो मला काय फसवणार? पण सगळ्यांशी जुळवून घेणारा कुणालाच नीट धरत नाही, भाऊजी. तो नटावरून सरकला, आधी नटाचे कोपरे खाल्ले, मग माझी बोटं. (त्यावर पक्कड लावली तर उरलेले कोपरेही जातात. हे मी पडताळून पाहिलं आहे, तुम्ही पुन्हा पडताळू नका.)

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. खोक्यातल्या पाकिटातला त्याच मापाचा एक नट आणि बोल्ट नेला आणि न बोलता काउंटरवर ठेवला. त्याने नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना काढला आणि बोल्टच्या डोक्यात जाणारी वाकडी चावी. "आता पलंग नको?" म्हणाला. मी म्हटलं, "पलंग आहे घरी. निजणारा गेला." मलाच वाईट वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं. बिचाऱ्याने पिशवीला उगाच दोन गाठी मारून दिल्या.

त्या घासलेल्या नटावर तेल सोडलं, रिंग ठोकून बसवली, आणि तो निघाला. पाठ लावताना पहिलाच बोल्ट गच्च आवळला, तर दुसऱ्याचं भोक समोर येईना. सगळं सोडलं, सगळे हाताने अर्धेअर्धे फिरवून घेतले, मग एकेक आवळला. बसली. मीही बसले, गाडी स्टँडवर उभी असताना, टेकून. कंबर मुळीच दुखली नाही. पण एक गंमत झाली. समोर ह्यांची पाठ नव्हती, भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी मी डाव्या बाजूला वाकूनच बघत होते. रस्ता दिसावा म्हणून नेहमी वाकायची, तशी. लेक बाहेर आली, पुढे बसली आणि हँडल धरलं. आम्ही दोघी बराच वेळ कुठेही गेलो नाही.

असो. तब्येतीला जपा. जाऊबाईंना माझा नमस्कार, आणि गुडघ्याला घाई करू नको म्हणावं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवाल का? नट घासला आहे, पाठ आता काही केल्या निघत नाही. अशी गाडी कोण घेईल?

पुन्हा ता. क. हे फोनवर सांगायला हवं होतं. पण तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा आहे. त्या आवाजाला मला नाही म्हणता येत नाही.

शेवटचं. पाठ निघते. मी काल काढून पाहिली आणि परत बसवली. तरीही कळवा.