नीरसदृश्यनिष्कासन आणि एक नेमणूक

३ नोव्हेंबर

अभयने आज आमच्या साम्राज्यात क्रांतीची घोषणा केली! आमच्या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठी म्हणे प्रॉडक्ट मॅनेजर नेमायचा. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय घालायचे, काय काढायचे हे ठरवणारी व्यक्ती. हे कार्य गेली अकरा वर्षे प्रस्तुत लेखक विनापदनाम करीत आला आहे. अभय मालक, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतो आणि माझे ऐकत नाही.

"निवड तुम्हीच करायची, काका. पण माणूस महिनाअखेर हवा. या लग्नसराईत स्टुडिओवाल्यांनी नवी आवृत्ती वापरली नाही, तर मी ऑफिसला कुलूप लावतो नि पुण्यात नोकरी धरतो."

स्वतःचा उत्तराधिकारी स्वहस्ते निवडायचा! राजेलोक हे काम मृत्युशय्येवर करीत. माझी प्रकृती उत्तम आहे.

६ नोव्हेंबर

प्रथम उमेदवार. 'युजर' या शब्दाचे चाळीस मिनिटांत एकतीस वेळा उच्चारण — मी मोजले. एकही युजर त्याने प्रत्यक्ष पाहिलेला नाही. अपात्र.

७ नोव्हेंबर

द्वितीय, तृतीय. अपात्र, अपात्र. कारणे संस्कृतप्रचुर भाषेत नोंदवली, जेणेकरून अभय ती वाचणार नाही.

स्नेहलला जेवताना सांगितले. अर्धांगिनी म्हणाली, "मुली नाकारत फिरणाऱ्या नवऱ्यामुलासारखं चाललंय तुमचं. लग्नच करायचं नाही, असं सांगून टाका ना सरळ!"

या स्त्रीची निदानशक्ती भयावह आहे.

११ नोव्हेंबर

चतुर्थ उमेदवार — मृणाली, देवरूखची, वय अठ्ठावीस. मी विचारले, "आमच्या नव्या आवृत्तीत आपणांस सर्वोत्तम काय वाटले?"

अपेक्षित उत्तर एकच होते : नीरसदृश्यनिष्कासन! नाव माझे, कल्पना माझी. लग्नाचे चित्रीकरण आत घातले की ज्या दृश्यांत चेहरे दिसत नाहीत, ती आपोआप छाटली जातात.

"सर, तेच आधी काढायला हवं."

बाईसाहेब मुलाखतीपूर्वी तीन दिवस गुहागरच्या महिपतच्या स्टुडिओत त्याच्या मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. महिपत लग्नाच्या चित्रफिती कापून-जोडून देतो. माझ्या निष्कासनाने त्याच्या एका लग्नातली आख्खी पंगत गिळली! त्याचे उद्गार तिने जसेच्या तसे ऐकवले : "माणसं खाली मान घालूनच जेवतात ना ओ? वर बघून कोण जेवतो? नवऱ्याची आत्या पंगतीत दिसली नाय, तर ती लोकं माझ्या तेराव्याची पंगत बसवतील!" त्याने जुनी आवृत्ती परत घातली.

"एकटा महिपतच?" मी.

"मी पाच स्टुडिओ पाहिले, सर. पाचही जणांनी."

"कळवतो," मी म्हणालो. तेही तिच्याकडे न पाहता.

माझ्या हयातीत मी शेकडो पंगतींना बसलो असेन. खाली मान घालून.

१२ नोव्हेंबर

सकाळी अहवाल लिहिला : 'अनुभवन्यून, सबब अपात्र.' अक्षर सुरेख आले होते. अभयने विश्वास ठेवला असता, मुलगी देवरूखला परतली असती, आणि सिंहासन माझेच राहिले असते — कुलूपबंद ऑफिसात!

फाडला. दुसरा अहवाल एकशब्दी : पात्र.

अभयने कागद उलटून पाहिला. "मागे काहीच नाही, काका? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

१७ नोव्हेंबर

मृणाली रुजू. दुपारपर्यंत नीरसदृश्यनिष्कासन बंद. मी शोकसभा भरवली नाही. फक्त चहा घेतला नाही. कोणाच्याही लक्षात आले नाही.

संध्याकाळी तिचा पहिला हुकूम : ऑफिसातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस ग्राहकांचे फोन घ्यायचे. "तुम्हीसुद्धा, सर."

मी? मी या सॉफ्टवेअरचा जनक!

१८ नोव्हेंबर

पहिला फोन अलोऱ्याहून, एका स्टुडिओवालीचा. "दादा, दोन तुकड्यांचा आवाज एकसारखा कुठे करायचा?" एका मिनिटात सांगतो म्हणालो. वीस मिनिटे शोधले. शेवटी तीच म्हणाली, "असू दे दादा, मला सापडलं."

मी कागद पुढे ओढला आणि विचारले, "कुठे?"