नानांची तिथी

जळगाव, शुक्रवार, २ मे

नानांचं, माझ्या सासऱ्यांचं, श्राद्ध आज घातलं, आणि तेही चुकीच्या तिथीला. जेवणं उरकल्यावर धुळ्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, नाना गेले तेव्हा वटपौर्णिमा तोंडावर आली होती. वैशाखात कसं काय केलंत?"

गुरुजी गाव सोडून गेले, म्हणून यंदा तिथी मोबाईलमधल्या पंचांगातून काढली. फुकट मिळतं ना. नाना गेले पाच जूनला. मी 05/06 भरलं, त्याने सहा मे धरलं आणि त्या दिवसाची तिथी काढली, ती यंदा आज आली. आधी महिना लिहायचा हे सांगितलंय कुठे? माहितीच्या पानावर नमुना दिलाय 04/04. त्यावरून माणसाने काय समजायचं? चूक माझीही, नीट बघितलं नाही. पण 04/04 म्हणे.

सासूबाईंना जाऊन सांगितलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "माले वाटनं व्हतं. पन मोबाईल सांगस, म्हनीसन मी गप ऱ्हायनू."

"मग खरी तिथी कोणती, आई?"

"जेठ, शुद्ध षष्ठी." आठवायला क्षणभरही थांबल्या नाहीत.

देवा, श्राद्ध पुढच्या महिन्यात पुन्हा घालीन. पण नवरा त्यांचा गेलेला, आणि मी विचारलं मोबाईलला.