फाटकावरचा सूर्य

३ फेब्रुवारी

शेजारच्या ओदिलीच्या फाटकावर सूर्य! पिवळाधमक, पत्र्याचा, गालात हसणारा. आणि माझ्या फाटकावर ढग — तोंड पाडलेला. सगळ्या आळीसमोर!

पाणी समितीचं हे नवं खूळ. विद्यापीठातून ग्रेथेल नावाची मानसशास्त्र शिकलेली पोरगी आणलीय. म्हणे, "पाणी वाचवा म्हणून ओरडलं की कुणी ऐकत नाही, काकू. शेजारी काय करतो ते दिसलं की माणूस आपोआप बदलतो." आळीच्या सरासरीपेक्षा कमी पाणी वापरलं की सूर्य, जास्त वापरलं की ढग. मी म्हटलं, अगं, ओदिली एकटी, आम्ही तिघं! तर हसून म्हणते, "माणशी हिशोब धरलाय, काकू."

लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी नळी लावून ओसरी आणि पुढचा रस्ता धुतेय मी. आळीत माझ्या ओसरीसारखी लालभडक ओसरी नाही. त्याचं हे बक्षीस!

५ फेब्रुवारी

पडद्याआडून ओदिलीला पाहिलं. धुण्याच्या टाक्यातलं साबणाचं पाणी बादलीनं नेऊन नेच्यांना घालते. साबणाचं! आणि मेले तिचे नेचे माझ्या नेच्यांपेक्षा हिरवे.

९ फेब्रुवारी

चर्चमधून बाहेर पडलो तर सगळ्या बायका तिच्याभोवती. "ओदिलीताई, कसं जमवता हो?" ती आपली लाजतेय. माझ्या अंगाची लाही लाही. मूल ना बाळ, पाणी लागतंय कशाला हिला?

सान होसेच्या सणाची मिरवणूक आमच्याच आळीतून जाते. त्याआधी समिती पुन्हा मीटर पाहणार आहे. ढगाशेजारी उभी राहून मी संतावर फुलं उधळणार नाही — सांगून ठेवते! सूर्य माझ्या फाटकावर आलाच पाहिजे.

१२ फेब्रुवारी

नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. ओसरी ओल्या फडक्यानं पुसली. भांडी एकाच परातीत. सकाळ-संध्याकाळ फुटपाथवरचं झाकण उचलून मीटर बघते. एवेलियो कॉफी पिता पिता म्हणाला, "बाईसाहेब, हल्ली गुडघे टेकता ते सान होसेपुढे की मीटरपुढे?"

नवरा आहे की वैरी!

२० फेब्रुवारी

घरात पाणी पितं कोण, तर आमच्या लेकीचे, योर्लेनीचे केस. कमरेखाली गेलेत. न्हायला बसली की बाहेर येण्याचं नाव नाही, आत गाणी चाललेली. आज दार वाजवलं. एकदा, दोनदा. "आले गं आई!" — पण पाणी चालूच. शेवटी गेले बाहेर आणि मीटरजवळचा कॉकच बंद केला.

डोक्याला फेस, टॉवेल गुंडाळलेला, डोळे लाल — अशी दारात येऊन उभी राहिली. वाटलं, आता भांडेल. पण एवढंच म्हणाली, "ओदिलीमावशीच्या फाटकाकडे बघतेस तेवढं माझ्याकडे बघ कधीतरी."

अर्धी बादली दिली तिला.

२४ फेब्रुवारी

शहाणी झाली हो पोरगी! न्हाणीघरात जाते काय, लगेच बाहेर येते काय. गाणंबिणं बंद. दुपारी ओदिलीकडे क्रोशाचं विणकाम शिकायला जाते म्हणाली. तिच्याकडेच का? मला काय विणता येत नाही? पण म्हटलं जाऊ दे, तेवढा वेळ घरातला नळ तरी बंद.

२ मार्च

मीटर मुंगीच्या पावलानं चाललाय. एवेलियो म्हणाला, "घर फार शांत झालंय गं." मी म्हटलं, बरंय की!

१४ मार्च

आला! आला! ग्रेथेलनं स्वतःच्या हातानं सूर्य लावला. "काकू, तुम्ही तर कमालच केलीत!" शेजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, गुणाची पोर.

आणि ओदिलीच्या फाटकावर ढग! मी मुद्दाम हाक मारली. "काय हो ओदिलीताई, उन्हाळा सोसवेना वाटतं?"

रागावली नाही. फडक्यानं त्या ढगावरची धूळ पुसत हसून म्हणाली, "असू दे हो. शोभतोय मला."

शोभतोय म्हणे! मला तर दिवसभर जेवण गोड लागलं. फक्त ती का हसली, ते कळलं नाही.

१८ मार्च

उद्या मिरवणूक. ओसरीवर फुलांच्या माळा बांधल्या. सूर्य लिंबानं घासून लखलखीत केला. योर्लेनी मेणबत्ती घेऊन पुढे चालणार आहे. म्हटलं, उद्या तुझी वेणी मी घालते. म्हणाली, "मावशी घालणार आहे." आणि विणकामाची पिशवी उचलून निघाली. जाताना बघितलं — पिशवीतून टॉवेलचं टोक बाहेर लोंबतंय.

विणायला टॉवेल कशाला?

१९ मार्च

मिरवणुकीआधी कुंपणापाशी गेले. ओदिलीच्या न्हाणीघरातून योर्लेनीचं गाणं येत होतं. तेच जुनं गाणं, तसंच लांबलचक. मग ती अंगणात येऊन बसली. ओदिली तिचे ओले केस विंचरत होती — खाली पाण्याचं थारोळं. ढग कशानं आला, ते समोरच दिसलं.

"मावशी, तुमचा सूर्य गेला ना माझ्यामुळे."

"गेला तर गेला. तू गा."

मी मागे वळले. घरात आले. न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडला, खिडकी सताड उघडली — पलीकडे ऐकू जावा म्हणून. टॉवेल, शाम्पू, सगळं काढून ठेवलंय.

मिरवणूक पुढे गेली. नळ चालूच आहे. योर्लेनी अजून आलेली नाही.